उलटी गंगा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आधी चूक कबूल करते, मग भांडते.

डोंगर, पठारं आणि मैदानं कशी घडतात यावरच्या माझ्या लेखात ‘पठारं लाव्हाची बनतात’ असं मी सरसकट लिहून गेले आणि ‘मग तिबेटचं काय?’ म्हणून तुम्ही नेमकं पकडलंत. दख्खनचं पठार लाव्हाचं, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेलं. तिबेट मात्र दोन भूखंडांच्या टकरीत भूकवच जवळपास दुप्पट जाड झाल्यामुळे वर आलं. तिथे कवचाची जाडी 70 किलोमीटरच्या आसपास भरते. अमेरिकेतलं कोलोरॅडोचं पठार तर बहुतांशी गाळाच्या खडकांचं. थर फारसे न चुरगळता गठ्ठाच्या गठ्ठा उचलला गेला. पठार हा शब्द आकार सांगतो, कूळ सांगत नाही. वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता भांडण. नद्यांच्या झिजेने शिखरं उंच होतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘नद्या डोंगर पोखरतात आणि त्यामुळे शिखरं आणखी वर जातात, ही कुठली उलटी गंगा?’ असं तुम्ही विचारलंत. आतल्या हालचाली जमीन उचलतात आणि ऊन, वारा, पाणी ती खाली आणतात, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. त्यात खोटं काही नाही, पण मधला दुवा सुटतो. भूकवच, म्हणजे पृथ्वीचं बाहेरचं कठीण कवच, खालच्या प्रावरणावर, म्हणजे त्याखालच्या जड खडकाच्या जाड थरावर, तरंगतं. (प्रावरण द्रव नाही, घनच आहे, पण लाखो वर्षांच्या हिशेबात ते घट्ट डांबरासारखं सरकतं.)

लाकडाचा एक रुंद ठोकळा घ्या, 10 सेंटीमीटर जाड, घनता पाण्याच्या 0.8 पट. पाण्यात सोडलात की 8 सेंटीमीटर बुडेल, 2 वर राहील. बाहेर काढून वरच्या अंगाला 2 सेंटीमीटर खोल चर पाडा, असे की निम्मा पृष्ठभाग चरांत जाईल आणि निम्मा शाबूत राहील. वजन एक दशांशाने घटलं, त्यामुळे आता ठोकळा 7.2 सेंटीमीटरच बुडतो. चरांचा तळ पाण्यापासून 0.8 वर, शाबूत कंगोरे 2.8 वर. सरासरी काढा: 1.8. ती 2 वरून खाली आली, म्हणजे तुमचं खरं. कंगोरे 2 चे 2.8 झाले, म्हणजे माझंही खरं. तुम्ही सरासरीबद्दल बोलत होतात, मी टोकांबद्दल. अट एवढीच की झीज दऱ्यांत व्हायला हवी. सगळीकडून सारखा रंधा मारलात तर कुणीच उंच होत नाही.

‘हे तरंगणं पाहिलंय कुणी?’ असं कुणी विचारेल. पाहिलं नाही, मोजलंय. भारताच्या सर्वेक्षणात ओळंबा हिमालयाकडे ओढला जाऊन मापं बिघडतात, हे माहीत होतं. कलकत्त्याचे आर्चडीकन (चर्चमधले एक वरिष्ठ धर्माधिकारी) जॉन प्रॅट यांनी 1855 मध्ये त्या ओढीचा हिशेब मांडला. पर्वताचं वस्तुमान धरलं तर कालियाना आणि कालियानपूर या सर्वेक्षणाच्या दोन ठाण्यांत ओळंब्याच्या कलण्यात 15 आर्क-सेकंदांहून (एक आर्क-सेकंद म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) जास्त फरक यायला हवा होता. प्रत्यक्षात आला 5 च्या थोडा वर. एवढा अवाढव्य पर्वत, आणि ओढ जेमतेम एक तृतीयांश! त्याच वर्षी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचवला: पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ खोल बुडालेलं असतं, जड प्रावरणाची जागा ते अडवतं, म्हणून ओढ कमी पडते. हिमनगाचंच गणित. आणि ओझं उतरल्यावर वर येणं बघायचं असेल तर स्वीडन आणि फिनलंडच्या मधलं बॉथनियाचं आखात आहे. तिथला बर्फाचा थर वितळून हजारो वर्षं उलटली, तरी उत्तरेकडचा किनारा आजही वर्षाला सुमारे 8-9 मिलिमीटर वर येतोय.

एक मात्र तुमच्या बाजूने सांगते. नदीचा हातभार किती, हे मी लिहिलं नव्हतं. एव्हरेस्टजवळच्या अरुण नदीने सुमारे 89,000 वर्षांपूर्वी दुसऱ्या नदीचं पाणी आपल्याकडे वळवलं, तिचं खोदकाम वाढलं आणि त्यामुळे शिखराला 15 ते 50 मीटर जादा मिळाले असावेत, असा अंदाज 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. 8,849 मीटरपुढे हे किरकोळच. हिमालय उचलला तो टकरीने. माझा लेख वाचून सगळं श्रेय नदीचं वाटलं असेल तर दोष माझ्या लिहिण्याचा.

राहिली मैदानांना दोनच ओळी दिल्याची तक्रार. मान्य. मला डोंगर आवडतात, दुसरं कारण नाही. पण उलटी गंगा म्हणालात म्हणून सुलट गंगेचंही सांगते: तिचं मैदान हा भरलेला खड्डा आहे. हिमालयाच्या ओझ्याने भारतीय भूपट्टाची कड वाकली आणि नद्यांनी हिमालयच खरवडून त्या खोलगटात ओतला. काही ठिकाणी या गाळाची जाडी कित्येक किलोमीटर आहे. पुढचा लेख त्यावरच लिहिते. तिबेटसारखं काही निसटलं, तर पुन्हा पकडा.