घरबसल्या डॉलर शिकवणाऱ्यांनो, आधी हा हिशोब मांडा

सकाळी बसस्टँडसमोर क्लासचा फ्लेक्स पाहिला, ‘घरबसल्या डॉलर कमवा’, आणि तेव्हापासून डोकं तापलंय. कारण परभणीच्या एका ओळखीतल्या मुलीचा हिशोब कालच डोळ्यांखालून गेलाय.

काम होतं २ तासांचं इंग्रजी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं. ठरले ४० डॉलर. साइटने २० टक्के कापले, उरले ३२. ते मोकळे व्हायला १४ दिवस. खात्यातून काढायचे ३ डॉलर. रुपये करताना बाजारभावापेक्षा ३ टक्के कमी भाव. पोचले २८. डॉलरला ८५ धरा, २,३८० रुपये.

आणि वेळ? आवाज स्वच्छ असला तरी तासाभराच्या रेकॉर्डिंगला सरावलेला हात ४ तास घेतो. हिच्या फाइलमध्ये चौघं एकमेकांचं बोलणं तोडत होते. १० तास टायपिंग, वर ४ तास फुकटच्या दुरुस्त्या, कारण दुरुस्ती किती वेळा करून देणार हे ऑफरमध्ये लिहिलंच नव्हतं. काम देणाऱ्याने ‘एक स्टार देईन’ म्हटल्यावर बिचारी करत बसली. तासाला पडले १७०.

मान्य, परभणीत घरात बसून एवढे कोण देतं! पण हे काम मिळेपर्यंत अर्ज करण्यात गेलेले दिवस यात धरलेलेच नाहीत. अपवर्क नावाच्या साइटवर तर अर्ज करायला लागणारे ‘कनेक्ट’ म्हणजे टोकनही विकत घ्यावे लागतात.

आपण सगळे ‘स्किल द्या, स्किल द्या’ म्हणतो. केनियाने २०१६ मध्ये अजिरा डिजिटल काढलं, पोरांना ऑनलाइन कामं शिकवली. चांगलंच केलं. पण जागतिक बँकेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात १५ ते ४३ कोटी लोक अशी कामं करतात. नुसते शिकवलेले हात वाढवले की भाव पडणारच ना? त्यात आता पहिला मसुदा मशीन काढतं, माणसाकडे उरतं ते चुका सुधारणं, तेही कमी दरात. पाकिस्तान, बांगलादेशात पोरं ढिगाने फ्रीलान्सिंग करतात आणि तिथे परदेशातून पैसे घ्यायची पेपाल सेवा चालतच नाही. पैसा यायची वाट नीट नाही, भांडण झालं तर दाद मागायची ती त्या साइटकडेच, आणि मेहनतीने जमवलेलं रेटिंग दुसऱ्या साइटवर नेता येत नाही. देशाचा विकास यातून कसा होणार? हे कुणी फ्लेक्सवर लिहीत नाही, याचा संताप येतो.

असो. चिडून तिचं काम थांबणार नाही. ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत त्यांनी एवढं सांगा. फाइल घेण्याआधी मधली २ मिनिटं मागून ऐका, सुरुवात नेहमी स्वच्छच असते. दर रेकॉर्डिंगच्या मिनिटावर लावा, बोलणारे तीनपेक्षा जास्त असतील तर वाढवा. दुरुस्ती एकदाच, तीही ७ दिवसांत, हे ऑफरमध्येच लिहा. काढायचे ३ डॉलर रक्कम कितीही असली तरी तेवढेच जातात, म्हणून १००-१५० डॉलर साठल्यावर एकदम काढा. परदेशातून पैसे आल्याचं बँकेचं पत्र दर वेळी जपून ठेवा, पुढे कर्ज मागताना उत्पन्न दाखवायला ते उपयोगी पडतं. आणि काम देण्याआधी कुणी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली की तिथेच ब्लॉक करा.

परभणीच्या पोरीला रात्रीच नवी विचारणा आली, ३ तासांची फाइल, ४५ डॉलर. या वेळी तिने आधी मधली २ मिनिटं मागितली आहेत. अजून उत्तर नाही.