आज किती फूट?

सरांनी फळ्यावर लिहिलं: ताण, संघर्ष आणि सामाजिक आधार, एक आत्मचिंतन. शब्दमर्यादा 1500, शुक्रवारपर्यंत. वर तोंडी म्हणाले, "प्रामाणिकपणे लिहा, गुण प्रामाणिकपणाला आहेत." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, किती?" "दहा." म्हणजे दीडशे शब्द प्रामाणिकपणाला एक गुण. यापेक्षा रद्दीला बरा भाव येतो.

सोबत एक छापील तक्ता मिळाला. होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1967 साली केलेला. त्यात आयुष्यात घडणाऱ्या 43 गोष्टी आणि प्रत्येकीपुढे तिच्या ताणाचे गुण. जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, लग्न 50, सासरच्यांशी कटकट 29. हा शेवटचा आकडा मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "महिन्याला का?"

ख्रिसमसला 12 गुण आहेत. एक झाड घरात आणून त्याला दिवे लावायचा ताण 12. मग गणपती, त्यातच गौरी, आणि त्यातच नेमकी सोवळ्यातली आत्या मुक्कामाला, याचे किती ते या दोघांना कुणी विचारलेलं दिसत नाही.

मी माझी बेरीज मांडली. घर बदललं 20, कॉलेज बदललं 20, राहणीमान बदललं 25, झोपेच्या वेळा 16, खाण्याच्या सवयी 15, कायद्याचा किरकोळ भंग 11 (टिळक रोडवर ट्रिपल सीट, मधे मी). एकूण 107. दीडशेच्या आत असलं की तब्येतीला फारसा धोका नाही, असं खाली लिहिलं होतं. वाचून बरं वाटलं. त्या दिवशी मला खोलीतल्या मुलीशी न बोलून नववा दिवस चालू होता आणि माझा डावा डोळा आपोआप फडफडत होता. पण डोळ्याला तक्त्यात जागा नाही. बादलीलाही नाही.

खरं तर आम्हा सांगलीकरांना असल्या तक्त्याची गरजच नाही. आम्ही ताण फुटांत मोजतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका. कपाटाचे खालचे कप्पे कधी रिकामे करायचे, गाडी कुणाच्या दारात नेऊन लावायची, आजीला मामाकडे कधी पोचवायचं, सगळं त्या आकड्यावर ठरतं. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे लोक एकमेकांना 'काय चाललंय' असं विचारत नाहीत. "किती झालं?" विचारतात, आणि समोरचाही फूट-इंचांत उत्तर देतो. 2019 च्या ऑगस्टात ते 57 फुटांच्या वर गेलं. मी आठवीत होते.

तर मी पुण्याला आल्यापासून बाबा रोज रात्री फोनवर एवढंच विचारतात, "आज किती फूट?" परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मी 39 सांगते. मेसची भाजी दोन्ही वेळा दुधी असेल तर 36. पहिल्याच महिन्यात एकदा गंमत म्हणून 46 सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भडंगची पिशवी घेऊन स्वारगेटवर उभे! तेव्हापासून मी 44 च्या वर जात नाही.

आता बादली. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघी कॉट बेसिसवर राहतो. इथे नावं पहिल्या आठवड्यात गळून पडतात आणि जिल्हा किंवा गाव उरतं. मी सांगली. दारालगतच्या कॉटवर लातूर, खिडकीशी चिपळूण. घरमालकीणबाईंना आम्ही काकू म्हणतो आणि काकू आमच्याशी मुख्यतः पाट्यांमधून बोलतात. न्हाणीघरावर लिहिलंय: 'गरम पाणी 6 ते 7.15. नंतर येईल ते गार समजावे.' गच्चीवर सोलर आहे, पण इमारतीतल्या सगळ्या खोल्यांना मिळून तो एकच. थंडीत आमच्या वाट्याला फार तर दोन बादल्या कढत पाणी येतं, तिसरीला कोमट, आणि कोमट म्हणजे काय यावर मतभेद आहेत.

लातूर एमपीएससी करते. साडेचारला उठते, सहाच्या ठोक्याला आपली बादली भरते, त्यावर झाकण, झाकणावर जुना टॉवेल असा बंदोबस्त करते, आणि जागा धरायला अभ्यासिकेत पळते. सातला परत येऊन अंघोळ. याशिवाय तिच्या कॉटखाली एक घागर, पाच बाटल्या आणि एक पातेलं कायम काठोकाठ भरलेलं असतं. पुण्यात आमच्या नळाला पाणी नाही असं दोन वर्षांत एकदाही झालेलं नाही. तरी रोज रात्री ती पातेल्यावरचं झाकण उचलून बघते.

त्या गुरुवारी मला आठला तोंडी परीक्षा होती, गजर वाजला नव्हता आणि नळाला बर्फ येत होता. मी टॉवेल उचलला, झाकण उचललं आणि लातूरची बादली अंगावर घेतली.

सातला ती आली.

"माझी बादली?"

"जागेवरच आहे की."

"पाणी?"

"ते घेतलं मी. तुला काय गं, कॉटखाली धरण बांधलंयस."

एमपीएससीची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून लातूर भांडतेही वर्णनात्मक. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, मग उपमुद्दे. पहिल्या मुद्द्यात माझा स्वार्थीपणा आला, दुसऱ्यात एकूण पश्चिम महाराष्ट्राचा, आणि तिसऱ्या मुद्द्याला तोंड फुटायच्या आत मी बोलून गेले, "एका बादलीचा हिशोब काय मागतेस? 2016 ला आमच्या मिरजेहून रेल्वे भरभरून पाणी पाठवलं तुम्हाला, तेव्हा आम्ही मागितला का?"

चिपळूण दात घासत होती. तिचा ब्रश थांबला.

प्रामाणिकपणाचे गुण आहेत म्हणून नोंदवते: वाक्य तोंडातून गेल्यावर पाच-सहा सेकंद मला त्याचा अभिमान वाटला. एप्रिल 2016, मिरज ते लातूर, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. सगळे आकडे मला पाठ होते. सहाव्या-सातव्या सेकंदाला लातूरचा चेहरा दिसला. ती एवढंच म्हणाली, "काय बोलायलीस, कळतंय का तुला?" आणि गार पाण्याने अंघोळ करून निघून गेली. पातेल्यातल्या.

संघर्ष हाताळायच्या पाच पद्धती आम्हाला अभ्यासाला आहेत: स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं आणि नमतं घेणं. यात अबोला नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "टाळण्यात बसव." सरांनी आयुष्यात अबोला धरलेला नसावा. टाळणाऱ्याला काही करावं लागत नाही. अबोल्याला सकाळपासून राबावं लागतं. ती खोलीत आहे का हे दाराबाहेरच्या चपलांवरून बघून ठेवायचं. ती आत शिरली की आपण नेमकं वाचनात बुडालेलं असायचं, आणि पुस्तक उलटं नाही ना हेही बघायचं. तिला शिंक आली तर आपसूक ओठांवर येणारं 'सत्यं' गिळायचं. दिवा कुणी मालवायचा? दोघीही मालवत नाही. काकूंच्या मीटरने त्या अकरा दिवसांत जो आकडा गाठला, त्यावर जिन्यात एक नवी पाटी लागली.

व्हॉट्सअॅपवर आमचा तिघींचा ग्रुप आहे. त्यावर ती फक्त अंगठा टाकायची. मी टाकलेल्याला नव्हे, चिपळूणने टाकलेल्याला.

चिपळूणचे खरे हाल. "चिपळूण, तिला सांग, थंडीत पंखा लावून वर गोधडी घ्यायची असेल तर गच्चीवर झोप म्हणावं." चिपळूण चार फुटांवरच्या कॉटकडे वळून म्हणायची, "सांगली विचारत्येय, पंखा दोनवर चालेल का?" तिकडून उत्तर यायचं, "तिला म्हणावं, तुझ्या बापाचा पंखा आहे का?" चिपळूण माझ्याकडे वळून, "चालेल म्हणत्येय." तिसऱ्या दिवसापासून तिने निरोपामागे एक मूठ भडंग असा दर लावला. सातव्या दिवशी भडंग संपलं. ती म्हणाली, "2021 च्या जुलैत वाशिष्ठी आमच्या माळ्यापर्यंत आली होती. आमचा फ्रिज शेजाऱ्यांच्या अंगणात सापडला. त्या पाण्यावरून आम्ही कुणाशी भांडलो नाही. आणि तुम्ही एका बादलीवरून!" आणि शुक्रवारी ती गावाला निघून गेली. टपाल खातंच बंद पडलं.

आता सामाजिक आधार. हा चार प्रकारचा असतो: भावनिक, प्रत्यक्ष मदतीचा, माहितीचा आणि तुम्ही कुठे आहात ते सांगणारा. शेवटचे दोन माझ्याकडे भरपूर आहेत. मामी दर रविवारी फोन करून कुणाच्या मुलीला कुठे नोकरी लागली याची माहिती देते, आणि त्या मानाने मी कुठे आहे हे त्यातच कळतं. भावनिक आधाराला वर्गातली एक मैत्रीण आहे. तिला बादलीचं सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "सोड ना यार, टॉक्सिक लोक असतात." बादली मी घेतली होती हे तिला सांगायचं राहिलं.

अकराव्या दिवशी, रविवारी, मला ताप भरला. रविवारी रात्री मेस बंद असते, हे पुण्यात शिकणाऱ्या कुणालाही सांगायला नको. दुपारी भरपेट फीस्ट आणि रात्री ज्याचं त्याने बघावं. आईने दुपारच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकाकांकडे डबा दिला होता, गाडी साडेआठला स्वारगेटला लागणार होती. बाबांचा फोन आला. "किती फूट?"

"चव्वेचाळीस," मी म्हटलं. "पण डबा आणायला जाते मी, रिक्षा आहे ना." उठून बसले तर खोली फिरली, परत आडवी झाले. लातूर भिंतीकडे तोंड करून वाचत होती. थोड्या वेळाने चपला वाजल्या. अभ्यासिकेत गेली असेल. जाऊ दे. डबा गाडीबरोबर परत सांगलीला जाणार, आणि आईला ते सांगायचं म्हणजे तक्त्यातले किमान 40.

नऊला फोन वाजला. पडद्यावर 'लातूर'.

"गाडी नंबर सांग."

अकरा दिवसांनंतरचे हे पहिले शब्द. मी उठून बसले. "तू कुठं आहेस?"

"स्वारगेटला. दोन सांगलीच्या लागल्यात. नंबर सांग, वेळ नाही."

पाठोपाठ पावणेदहाला ती दारात. हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेला डबा, त्यावर आईच्या अक्षरात माझं नाव. मला स्वतःलाच ते वाचून क्षणभर परकं वाटलं, इतक्या दिवसांत मी सांगलीच झाले होते.

"दिला सहज?" मी विचारलं.

"कुठला! तो कंडक्टर म्हणतो, तुम्ही सांगलीकडच्या वाटत नाही बोलण्यावरून, फोन लावून द्या घरचा."

"मग?"

लातूर फडक्याची गाठ सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हटलं, काका, तुमच्याच कृष्णेचं पाणी पिऊन मोठी झालेय मी. आता डबा द्या."

मला हसू आलं आणि तापात हसल्यावर जो खोकला येतो तो आला. तिने कॉटखालची एक बाटली काढून पुढे केली. पाचातली.

डब्यात खपलीची खीर होती, शेंगदाण्याची चटणी, चार चपात्या आणि वर पुडीत भडंग. निम्मी खीर तिने खाल्ली. खाता खाता सांगत होती. 2016 च्या दुष्काळात लातूरला पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून 144 कलम लावलं होतं. "पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. आमच्या घरातच सात. रात्री दोनला पाणी आलं तर दोनला उठायचं, आणि नाही आलं तरी दोनला उठून बघायचं." हे तिने एमपीएससीच्या एखाद्या उत्तरासारखं सांगितलं, कोरडं. मग एकदम, "पण 19 ला तुमच्याकडं पूर आला तेव्हा आमच्या कॉलेजातून सामान गेलं होतं. बिस्किटाचे दोन पुडे मी दिले होते. पोचले का?"

"पोचले असतील," मी म्हटलं. "बिस्किटं लई आली होती."

"हां. मग फिटलं."

दहा डबे पाणी आणि दोन पुडे बिस्किटं, हा हिशोब मला पटला नाही. पण मी खीर पुढे केली.

साडेदहाला बाबांचा पुन्हा फोन. "किती फूट?"

"एक्केचाळीस. उतरतंय."

फोन ठेवल्यावर लातूरने विचारलं, "एक्केचाळीस काय? ताप का?" मग तिला आयर्विन पूल, इशारा पातळी, कपाटाचे कप्पे, आजी आणि मामा हे सगळं समजावण्यात साडेअकरा वाजले. तिने ते नीट ऐकून घेतलं, दोन उपप्रश्न विचारले आणि उठून दिवा मालवला.

सकाळी सहा वाजता नळाला गार पाणी. कढत नाही, कोमट नाही, थेट गार. रात्री कुणीतरी गरम पाण्याचा नळ अर्धवट चालू ठेवला होता आणि सोलरची टाकी रिकामी झाली होती. लातूर म्हणते, औषधाची वाटी विसळायला सांगलीच उठली होती. मी म्हणते, मला 102 ताप होता, मी कशाला उठू? चिपळूण आज संध्याकाळच्या गाडीने परत येतेय. तिच्यासाठी थोडं भडंग बाजूला काढून ठेवलंय.