धोंड्याला शेवाळ का हवं? एका सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर, नमस्कार.

इंग्रजी म्हणी आणि वाक्प्रचारांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. अक्कलकोटला उभी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवलेल्या माणसानं एवढा वेळ काढावा याचं मला अप्रूप आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सावकाश उत्तर देते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरांचं म्हणणं असं, की मी उगाच पाल्हाळ लावलं. इंग्रजी म्हण, तिच्यासमोर मराठी म्हण आणि वाक्यात उपयोग एवढं दिलं की मुलांचं काम भागतं. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' म्हणजे मुसळधार पाऊस, त्याची छपराची गोष्ट मुलांना आवडते, ती मी विनाकारण खोटी ठरवली. एक म्हण चुकीची छापली. आणि मराठीत म्हणींचा एवढा खजिना असताना सोलापुरात इंग्रजी म्हणी बोलतंय कोण?

आधी चूक. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. 'थेंबे थेंबे तळे साचे'च्या जोडीला मी 'मेनी अ मिकल मेक्स अ मकल' असं लिहिलं होतं. मिकल आणि मकल हा एकच शब्द, दोन उच्चार, अर्थ 'पुष्कळ'. म्हणजे 'पुष्कळ पुष्कळाचं पुष्कळ होतं' असं काहीतरी झालं. मूळ म्हण 'मेनी अ लिटल मेक्स अ मिकल'. लेखात दुरुस्ती केली आहे. ही चूक इंग्रजी बोलणारेही सर्रास करतात, पण म्हणून ती मी करावी असं नाही.

आता पाल्हाळाबद्दल. सर, तुम्ही म्हणता तसंच मी बरीच वर्षं शिकवलं. वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये बरोबरचं चिन्ह. त्या यादीत एक ओळ होती: किक द बकेट = मरण पावणे. मीच फळ्यावर लिहिली होती. त्या बॅचचा एक मुलगा पुढे एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागला. हुशार, कामसू. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा मेल आला की भागीदाराचं निधन झालंय, मालाची तारीख पुढे ढकलू या. ह्यानं मनापासून सांत्वनाचं उत्तर लिहिलं आणि ते छान वाटावं म्हणून वहीतला वाक्प्रचार घातला: सॉरी टू हिअर दॅट युवर पार्टनर किक्ड द बकेट. पंधरा दिवस तिकडून उत्तर नाही. मग मालकाला फोन आला. त्या संध्याकाळी पोरगं फोन हातात धरून माझ्या दारात उभं होतं. "मॅडम, अर्थ तर बरोबर होता ना?"

अर्थ बरोबर होता. कोणी आपल्या दारात येऊन 'तुमचे वडील गचकले असं कळलं, फार वाईट वाटलं' म्हणालं, तर त्याचाही अर्थ बरोबरच असतो. मराठीत आपल्याकडे वारले आहे, देवाज्ञा झाली आहे, निधन आहे, आणि खपला, गचकला, टपकलाही आहे. कुठला शब्द कुणासमोर काढायचा हे आपल्याला कोणी फळ्यावर शिकवलं नाही; मयताच्या घरी मोठ्यांच्या मागे बसून ते अंगात मुरलं. इंग्रजीच्या बाबतीत आमच्या मुलांना असं मागे बसायला घरच नाही. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ साली लंडनमध्ये उनाड, बाजारू बोलीचा एक कोश काढला, त्यात 'किक द बकेट' आहे. तो तिथं सापडतो यातच त्याची जागा कळते. एवढी एक ओळ मी तेव्हा वहीत दिली असती तर त्या पोरानं साधं 'व्हेरी सॉरी फॉर युवर लॉस' लिहिलं असतं. नंतर त्यानं माझ्या बैठकीत बसून तेच लिहिलं, आणि सोबत माफी मागितली. तेव्हापासून ते बरोबरचं चिन्ह मी फळ्यावर काढत नाही.

मराठी म्हण समोर ठेवली की इंग्रजी म्हण कळते, हेही मला आता पटत नाही. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर'समोर आपण डोळे मिटून 'आगीतून फुफाट्यात' लिहितो. जोडी चांगली आहे, वापरावी. पण चुलीसमोर बसून बघा. इंग्रजीतला माणूस तव्यावरून थेट जाळात पडतो. आपला माणूस जाळातून निघून राखेत पाय टाकतो. फुफाटा वरून विझलेला दिसतो, पाय घोट्यापर्यंत रुतला की आतला निखारा लागतो. सुटलो असं वाटून पुन्हा भाजणं, ही आपल्या म्हणीतली गोष्ट त्यांच्या म्हणीत नाही. मुलांना हा फरक दाखवला की दोन्ही म्हणी त्यांच्या डोक्यात पक्क्या बसतात.

आणि 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस'! ही म्हण मी दरवर्षी घेते, आणि दरवर्षी निम्म्याहून जास्त मुलं अर्थ उलटा सांगतात. गडगडत्या धोंड्याला शेवाळ धरत नाही, म्हणजे माणसानं हलतं राहावं, गंजू नये. मुलांचं चुकतं कुठे? मॉसला आपण शेवाळ म्हणतो, आणि शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवरचा हिरवा बुळबुळीत थर, ज्यावरून पाय घसरतो. ते न धरणं चांगलंच. ही म्हण १५४६ साली जॉन हेवूड यांनी छापलेल्या म्हणींच्या संग्रहात आहे आणि तिचा जुना अर्थ असा, की जो एका जागी टिकत नाही त्याच्या गाठीला काही लागत नाही. तिथलं मॉस म्हणजे दगडावर हळूहळू चढणारी हिरवी मऊ साय. ती जमणं म्हणजे बस्तान बसणं. आज इंग्रजी बोलणाऱ्यांतही दोन्ही अर्थ चालतात, त्यामुळे कोण कुठल्या अर्थानं बोलतंय ते बोलण्याच्या ओघावरून ओळखावं लागतं.

गेल्या वर्षी ह्याच म्हणीवर सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आमचे पणजोबा तेलंगणातून माग घेऊन आले. गावातच बसले असते तर उपाशी मेले असते." दुसरी म्हणाली, "पण इथं आल्यावर बसलेच ना? म्हणून घर झालं." अर्धा तास वाद झाला, आणि अर्ध्याहून जास्त इंग्रजीत झाला. सर, हे पाल्हाळ असेल तर मला ते हवं आहे.

छपराच्या गोष्टीवर मात्र मी मागे हटणार नाही. पूर्वी कुत्री-मांजरं गवती छपरात निजायची, पाऊस आला की घसरून खाली पडायची, म्हणून तो वाक्प्रचार, ही गोष्ट १९९९ च्या सुमारास ई-मेलवरून जगभर फिरली. आपल्याकडे शाकारलेलं छप्पर ज्यानं पाहिलंय त्याला विचारा. ते इतकं घट्ट असतं की पाणी वरच्या वर ओघळून जातं; त्यात कुत्रं शिरेल कुठून? सतराव्या शतकातल्या एका नाटकात कुत्र्यांसोबत मांजरांऐवजी मुंगसासारखा पोलकॅट हा प्राणी पडतो, आणि इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ च्या लेखनात आजचं रूप दिसतं. मूळ कशात आहे हे खात्रीनं कोणी सांगू शकलेलं नाही. 'माहीत नाही' हेही मुलांना सांगता येतं, आणि मुलं ते समजून घेतात. शिवाय हा वाक्प्रचार आता तिकडेही जुनाट वाटतो. पाऊस कोसळतोय म्हणायचं तर 'इट्स पोअरिंग' पुरतं.

सोलापुरात इंग्रजी म्हणी बोलतंय कोण, असं तुम्ही विचारलंत. तुमच्याच प्रतिक्रियेत 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असं वाक्य आहे. ते इंग्रजीतून आलंय आणि इंग्रजीत लॅटिनमधून. त्यामागचा युक्तिवाद इसवी सनापूर्वी ५६ मध्ये रोमन वक्ता सिसेरोनं बाल्बस नावाच्या माणसाच्या खटल्यात, त्याच्या बचावात मांडला होता. डॉक्टरांच्या दारावर 'रविवारी संध्याकाळी बंद' अशी पाटी असली, तर इतर दिवशी संध्याकाळी दवाखाना उघडा असतो हे न लिहिता कळतं. अपवाद सांगितला म्हणून नियम कळला, एवढाच त्याचा अर्थ. नियमाविरुद्ध उदाहरण सापडलं की नियम खरा ठरतो, असा त्याचा अर्थ लावला तर तर्कच उलटा होतो. इंग्रजी म्हणी आपण मराठीत रोज बोलतो, म्हणूनच त्या नीट कळायला हव्यात.

आणि मराठीचा खजिना सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. उलट 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' आली की मी मुलांना म्हणते, घरी आजीला विचारून या. दुसऱ्या दिवशी फळा भरतो. मराठीत 'नाचता येईना अंगण वाकडे'. कन्नड घरातली मुलगी सांगते, 'कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळु', नाचता न येणारी म्हणाली जमीनच वाकडी. तेलुगू घरातला मुलगा सांगतो, 'आडलेक मद्देल ओडु', नाचता येईना म्हणून मृदंगच फुटका. एका गल्लीत तीन भाषा, तिन्हींत नाच, आणि दोष कुठे अंगणाला, कुठे जमिनीला, कुठे मृदंगाला. इंग्रजांचा मात्र कारागीर, हातात हत्यार. ही म्हण मागावाल्यांच्या पोरांना सर्वांत लवकर कळते. माझे वडील यंत्रमागावर होते. चादरीत उभी रेघ पडली की मागाला शिव्या देणारे असायचे आणि ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, तुटलेला धागा वेळेत सांधला का ते आधी बघणारे असायचे. त्यामुळे 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' मला कधी पाठ करावी लागली नाही. एक धागा सुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर चादरभर रेघ जाते.

परीक्षेसाठी तुम्हाला हवी तशी यादी मी जानेवारीत, गड्ड्याची म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा आटोपली की देईन. प्रत्येक म्हणीपुढे अर्थाबरोबर ती कुणाशी बोलायची आणि कुठे टाळायची हेही असेल. तुमच्याकडे कन्नड घरं जास्त. 'कुणियलारदवळु'सारखं अजून काही वर्गात कानावर पडलं असेल तर कळवा, इथल्या मुलांना दाखवीन.