तांब्याभर पाणी

आज सकाळी मुलीच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर एक फोटो आला. शाळेच्या फाटकाशी आठ-नऊ मुलं रांगेत उभी, पाठीवर दप्तरं, माना खाली. शाळा सात दहाची आणि ही मुलं चार-पाच मिनिटं उशिरा आलेली. फोटोखाली एका वडिलांनी लिहिलं, "आमच्या वेळी तोंडावर तांब्याभर पाणी पडायचं, मुकाट उठायचो." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची माळच लागली.

माझी मुलगी त्या रांगेत नव्हती. ती वेळेवर पोचली, कारण मी तिला हाताला धरून ओढत उठवलं होतं. नववीतली पोर बेसिनपाशी उभ्या उभ्या झोपली होती, तोंडात ब्रश तसाच.

दिवसभर ऑफिसचं काम केलं, पण डोक्यातून तो तांब्या जाईना. कारण तो मी पाहिलाय.

साताऱ्याला वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. दादा दहावीत, मी सहावीत. बाबा पाचला हाक मारायचे. मी पहिल्या हाकेला उठायची, मला त्यात कधीच काही कष्ट पडले नाहीत. मग बाबा म्हणायचे, "तिच्याकडे बघ जरा!" दादाला दुसरी हाक, तिसरी हाक, आणि मग मोरीतला तांब्या. डिसेंबर असो, जानेवारी असो. पाणी मानेवरून गोधडीत जायचं. दादा उठून बसायचा, डोळे उघडे, पण आत कोणी नाही असे. एक शब्द बोलायचा नाही. गोधडी आईच्या जुन्या लुगड्यांची होती, मधोमध हिरव्या काठाचा तुकडा. ती चौकातल्या तारेवर वाळत पडायची.

आणि हाच दादा रात्री टक्क जागा असायचा. मी कधी उठले तर अंधारातून त्याचा आवाज यायचा, "कडी हळू लाव, बाबा उठतील." दहाला अंथरुणात, दीड-दोनपर्यंत आढ्याकडे बघत. आता मला कोणी मोबाइलचं सांगू नका. हो, मोबाइलनं मुलांची झोप आणखी पुढे जाते, मान्य, आमच्या घरीही रात्री फोन बाहेरच्या खोलीत असतो. पण आमच्याकडे तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता.

याच घरात आई होती. रात्री आठ वाजले की पानं वाढता वाढता पेंगायची, आणि पहाटे साडेतीनला जागी, गजर नाही, काही नाही. सडा घालून काकड आरतीला. अख्खा वाडा तिचं कौतुक करायचा. रात्री आठला डोळे मिटतात म्हणून आईला कोणी आळशी म्हटलं नाही, आणि दादा मात्र कुंभकर्ण, सूर्यवंशी, दिवटा. एकाच घरातली दोन घड्याळं. एक पुढे, एक मागे. पुढे असलेलं पुण्य, मागे असलेलं पाप, हे कोणी ठरवलं?

अमेरिकेतल्या यूटामध्ये आईसारखं एक अख्खं कुटुंबच सापडलं होतं. संध्याकाळी साडेसातला झोप, पहाटे साडेचारला जाग, पिढ्यानपिढ्या. २००१ मध्ये त्याचं कारण सापडलं, पीईआर-टू नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल. एका अक्षराचा! आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळेनं दुसऱ्या टोकाच्या लोकांचं दाखवलं. सीआरवाय-वन या जनुकातल्या एका बदलानं शरीराचा दिवसच लांबतो, झोप रोज उशिरा येते. त्याच वर्षी यंग आणि हॉल, रॉसबाश हे आणखी दोन शास्त्रज्ञ यांना शरीरातल्या या घड्याळाच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्याची सुरुवात तर १९७१ची, फळांवरच्या चिलटांपासून. कोनोप्का आणि बेन्झर या शास्त्रज्ञांना अशी चिलटं सापडली की काहींचा दिवस १९ तासांचा, काहींचा २८ तासांचा, आणि काहींना दिवसाचा पत्ताच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकातले. चिलटाला कोणी आळशी म्हणालं नाही हो. त्याच्या जनुकात शोधलं.

आईच्या किंवा दादाच्या रक्ताची तपासणी कोणी केलेली नाही. सगळं जनुकांवर ढकलता येत नाही, वय असतं, उजेड असतो, सवयी असतात. आणि बहुतेकांच्या बाबतीत असा एक बदल नसतो, २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात सकाळचे की रात्रीचे हे ठरवायला हातभार लावणाऱ्या ३५१ जागा जनुकांत सापडल्या. पण मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक ठिपका हे घड्याळ चालवतो. तो बाबांची हाक ऐकत नाही. तांब्या तर नाहीच नाही.

आता चीड येते ती याची. वयात येताना बहुतेक मुलांचं घड्याळ मागे सरकतं, साधारण विशीपर्यंत सरकतच राहतं, मग हळूहळू परत येतं. म्हणजे झोपेसाठी सकाळची सवलत कोणाला हवी? आठवी, नववी, दहावीला. आपल्या शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत. चांगलं केलं, चिमुरड्यांना झोप हवीच. पण रविवारी सहाला उठून आपल्या पोटावर नाचतात ती हीच चिमुरडी! आणि जी पोरं खरोखर उठू शकत नाहीत, त्यांना सात दहा. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये कायदा झाला, २०२२ पासून तिथली हायस्कूलं सहसा साडेआठच्या आधी भरत नाहीत.

त्यात देशाचं भिंतीवरचं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं, आणि आपण पार पश्चिमेला. पुण्याचा सूर्य त्या घड्याळाच्या अर्धा तास आणि वर मागे चालतो. जानेवारीत तो सात वाजून गेल्यावर उगवतो. मुलं अंधारात रिक्षात बसतात, आणि आपण म्हणतो, उन्हं वर आली तरी लोळतात. कुठली उन्हं?

शाळा दोन सत्रांत भरते, खोल्या कमी आहेत, बसचं गणित आहे. हे सगळं मला ठाऊक आहे. ठीक आहे. मग निदान मोठ्यांना दुपारचं सत्र द्या, छोट्यांना सकाळचं. आणि तेही जमत नसेल तर मुलांना फाटकाशी उभं करून त्यांचे फोटो काढू नका. एवढं तरी.

दादा दहावीला जेमतेम पास झाला. पुढे एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला लागला आणि पहिल्याच महिन्यात त्याचा चेहरा बदलला. पहाटे चारला तो घरी यायचा तेव्हा आई उठलेलीच असायची. दोघं स्टोव्हपाशी बसून चहा प्यायची. त्याचा दिवस संपलेला, तिचा सुरू झालेला. मी कधी अर्धवट झोपेत ऐकायची, दोघांचं हळू आवाजात चाललेलं बोलणं. आईशी इतकं मी आयुष्यात बोलले नाही.

बाबा शेवटी दवाखान्यात होते तेव्हा अकरा रात्री दादा बसला. मी एक रात्र बसले आणि दोन वाजता खुर्चीतच झोपले, सलाइन संपलेलं मला कळलंसुद्धा नाही. दादा डोळे उघडे ठेवून बसायचा. टांझानियात हाड्झा नावाचे शिकारी लोक आहेत, त्यांच्या ३३ मोठ्या माणसांच्या झोपेची २० दिवस नोंद ठेवली, तर सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत असा वेळ निघाला फक्त १८ मिनिटं. कोणीतरी जागं असतंच. हे वाचलं तेव्हा मला तो दवाखाना आठवला. बाबांनी तिथे त्याला काही म्हटलं का, माहीत नाही. मी विचारलं नाही.

हे लिहायच्या आधी दादाला फोन केला, रात्री अकराला, म्हणजे त्याच्या ऐन दुपारी. म्हटलं, तांब्याचं लिहू का? थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाण्याचं काही नाही गं. बाबांचा रागही नाही. गोधडीचं लिही."

म्हटलं, गोधडीचं काय?

"ती रोज तारेवर असायची ना. वाड्यातल्या पोरांना वाटायचं, मी अंथरूण ओलं करतो. दहावीत होतो मी. मुतऱ्या म्हणायचे."

चाळीस वर्षं होत आली. शाळेतून आल्यावर ती गोधडी तारेवरून मीच काढायची, घडी घालायची. मला हे आज कळलं.