सोडचिठ्ठी मागणाऱ्या एजंटास हिताच्या चार गोष्टी

अमेरिकेतले विमा एजंट तुम्ही, आणि दादांच्या टीममधून सुटायला रिलीज हवाय म्हणता? का बरं? अजून तीन वर्षंही झाली नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत तुमच्या हातात चकलीची प्लेट होती, तेव्हा दादांनीच तुम्हाला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "किती दिवस दुसऱ्यासाठी राबणार? स्वतःचा बिझनेस कर." तुम्ही केलात. राज्याची परीक्षा दिलीत, लायसन्स तुमच्या नावावर आलं. चुकून कुणी कोर्टात खेचलं तर लागणारा विमा तुमच्या खिशातून. मेडिकेअरचे (म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) प्लॅन विकायचे म्हणून दरवर्षी द्यावी लागणारी 'एएचआयपी' या आरोग्यविमा कंपन्यांच्या संघटनेची परीक्षा, तीही तुमच्याच खिशातून (पूर्ण फी १७५ डॉलर आणि पास व्हायला ९० टक्के, दहावीला इतके कुणी मागितले नव्हते). सगळं तुमचंच. फक्त तुम्ही दादांचे.

हे कुणी लपवलं नव्हतं. ज्या कागदावर तुम्ही बोटाने मोबाइलवर वेडीवाकडी सही केलीत, त्यात होतं. तुम्ही वाचलं नाही, हा दादांचा दोष नव्हे.

तर आधी स्वतःची जागा ओळखा. अमेरिकेत विम्याचा कारभार १९४५च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने राज्यांच्या हाती ठेवलाय. राज्य म्हणतं, लायसन्स या माणसाचं. विमा कंपनी म्हणते, आमचा माल विकायची परवानगी आम्ही दिली. कंपनी आणि तुमच्या मध्ये एजंटांची फौज सांभाळणारी मार्केटिंग ऑर्गनायझेशन, तिच्याखाली एक एजन्सी, तिच्याखाली दादा आणि दादांखाली तुम्ही. तुम्ही पॉलिसी विकली की वरच्या प्रत्येक पायरीला आपापला ओव्हरराइड, म्हणजे तुमच्या विक्रीवरचा वाटा, पोचतो. आता तुम्हाला तीच कंपनी, तेच प्लॅन, पण दुसऱ्या जिन्याने विकायचेत. मग या जिन्यावरच्यांनी लिहून द्यायला हवं की जाऊ दे याला. शाळा सोडल्याचा दाखलाच म्हणा. फरक एवढाच, की इथे मुलगा पहिला येत असेल तर हेडमास्तर दाखला लपवून ठेवतात. नापास मुलाला मात्र आनंदाने घरपोच.

म्हणून माझा पहिला सल्ला: नापास व्हा. महिन्याला वीस पॉलिस्या विकून वर रिलीज मागणं म्हणजे दुभत्या म्हशीने दावं सोडायचा अर्ज करणं. आधी आटा. झूमवर कॅमेरा बंद ठेवा, सोमवारच्या सकाळच्या 'मोटिव्हेशन कॉल'ला बुडी मारा. मग मागा. सही संध्याकाळपर्यंत येईल.

पण थांबा, उचल फिटलीय का? त्याला इकडे 'ॲडव्हान्स कमिशन' म्हणतात. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला मुकादम हंगामाआधी देतो ती उचल आपल्याला ठाऊक असते. ऊसतोड करणारा उन्हात राबतो आणि तुम्ही हीटर लावून फोनवर, त्यामुळे तुलना शोभत नाही, पण शब्द नेमका आहे. समजा, अंत्यविधीच्या खर्चाची एक पॉलिसी विकलीत. हप्ता महिना ५० डॉलर, तुमचं पहिल्या वर्षाचं कमिशन ८० टक्के, म्हणजे महिना ४०. कंपनीने नऊ महिन्यांची उचल दिली: ३६० डॉलर. तुम्ही बायकोला जेवायला नेलंत. आजोबांनी तीन हप्ते भरले आणि चौथ्या महिन्यात मुलाने सांगितलं, हे बंद करा. तुमचे खरे १२० झाले, २४० परत. असे दहा आजोबा झाले की २४०० डॉलरचा डेबिट बॅलन्स, म्हणजे कंपनीचं देणं. तो 'व्हेक्टर वन' नावाच्या, एजंटांच्या थकबाकीच्या यादीत चढला, की नव्या दारात पाऊल टाकण्याआधीच तिथला माणूस तुमची उधारी वाचून बसलेला असतो. शिवाय दादांनी 'फुकट' दिलेल्या लीड्स, म्हणजे होऊ घातलेल्या गिऱ्हाइकांची नावं-नंबर! त्यांचं बिल कुटुंबात कुणी मागत नसतं. कुटुंब सोडताना मागतात.

हो, कुटुंब. रिलीजचा शब्द काढलात की हा शब्द यायचाच. "आपण एक फॅमिली आहोत रे" असं दादा म्हणतील, तेव्हा तुम्ही खाली बघा. कमिशनचे टक्के वाढवून द्यायचं वचनही ते देतील. गेल्या वर्षी दिलं होतं तेच, पण अजून कोरं करकरीत आहे.

वेळही नीट निवडा. मेडिकेअरचा सुगीचा हंगाम, म्हणजे लोकांनी प्लॅन बदलायची मुदत, १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. २०२५ साली बहुतेक राज्यांत मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या (खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरच्या) एका नव्या ग्राहकामागे जास्तीत जास्त ६२६ डॉलर आणि पुढे दरवर्षी ३१३, अशी कमिशनची सरकारनेच आखलेली मर्यादा होती. त्यामुळे जूनमध्ये मागाल तर "आता ट्रेनिंग सुरू होतंय" आणि सप्टेंबरमध्ये मागाल तर "कंपनीनेच बदल्या गोठवल्यात" (हे बरेचदा खरंही असतं). नोव्हेंबरमध्ये मागाल तर फोन उचलला जाणार नाही आणि जानेवारीत "आत्ताच तर कमिशन आलं, लगेच निघालास?"

कुणी सांगेल, अशा अटी सरकारने रद्द केल्यात. नोकरी सोडणाऱ्याला अडवणाऱ्या करारांवर फेडरल ट्रेड कमिशनने २०२४च्या एप्रिलमध्ये बंदी आणली होती खरी, पण त्याच ऑगस्टमध्ये टेक्सासच्या कोर्टाने ती झोपवली. आणि तुम्हाला नोकरीवर ठेवलंय कुणी? तुम्ही मालक आहात. भारतात राहिला असतात तर २०१६च्या नियमावलीप्रमाणे कंपनीला पंधरा दिवसांत एजन्सी संपल्याचा दाखला द्यावा लागला असता आणि नव्वद दिवसांनी तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या दारात उभे राहिला असतात. पण तिथे 'बी युवर ओन बॉस' कुठे होतं?

सही मिळालीच नाही, तर राजमार्ग उरतो: स्वस्थ बसणे. बहुतेक कंपन्या म्हणतात, सहा महिने आमची एकही नवी पॉलिसी लिहू नका, मग कुणाच्या सहीशिवाय खुशाल जा. प्रत्येक कंपनीचं घड्याळ वेगळं. कुठे ते नोटीस दिल्यापासून चालतं, कुठे शेवटच्या पॉलिसीपासून. एक्सेल शीट करा, दुसरं कामही नाही. मात्र एक अर्ज जरी टाकलात तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येऊ शकतं, हे दादांना पाठ असतं. पाचव्या महिन्यात त्यांचा गोड मेसेज येतो: "एक छोटीशी केस आहे, टाक ना, कमिशन सगळं तुलाच."

माझ्या एका मित्राने मोठ्या निश्चयाने साडेपाच महिने काढले. तेवढ्यात सासूबाईंच्या ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली. वय सदुसष्ट, मेडिकेअरला पात्र, आणि मैत्रिणीकडे आहे तोच प्लॅन हवा. तो नेमका मित्र जिची मुदत मोजत होता त्याच कंपनीचा. "जावई एजंट आणि मी परक्याकडून घेऊ?" मित्राने सर्व काही समजावलं. त्यांना त्यातला फक्त नकार समजला. गणपतीच्या आरतीनंतर त्यांनी ते गाऱ्हाणं मांडवातच, प्रसादाच्या रांगेत, दादांच्या कानावर घातलं. दादा नियमाचे पक्के. भेटीच्या संमतीची सही तिथेच घेतली, अठ्ठेचाळीस तास जाऊ दिले आणि तिसऱ्या दिवशी मित्राच्याच घरी, मित्राच्याच सोफ्यावर बसून अर्ज भरून घेतला. चहा मित्राने केला. जाताना दादा म्हणाले, "बघ, तुझ्या रिलीजचं मी विसरलेलो नाही हं."