‘अक्षरं मोजा आणि 0.6 ने गुणा’ ही टिप फॉरवर्ड करण्याआधी

सध्या अ‍ॅपवाल्यांच्या ग्रुपांवर एक टिप जोरात फिरतेय. स्क्रीनवर मजकूर किती जागा घेणार हे काढायला लेआउट-बिआउट (म्हणजे मजकूर खरोखर ओळींत मांडून बघणं) काही लागत नाही म्हणे, अक्षरांची संख्या गुणिले फॉन्ट साइझ गुणिले 0.6 म्हणजे रुंदी, तिला डब्याच्या, म्हणजे मजकुराला दिलेल्या चौकटीच्या, रुंदीने भागलं की ओळी, ओळी गुणिले साइझ गुणिले 1.2 म्हणजे उंची, अँड्रॉइड असो की आयफोन सगळीकडे चालतं, अँड्रॉइडची मेझरटेक्स्ट आणि गेटटेक्स्टबाउंड्स ही मोजायची दोन फंक्शनं म्हणजे एकच, आणि खरं मोजत बसलात तर स्क्रोल अडखळतो. खाली टाळ्यांचा पाऊस. आता एकेक बघू.

"अक्षरं × साइझ × 0.6"

हे 0.6 हवेतून आलेलं नाही. कुरियर फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी 1000 पैकी बरोबर 600 एकक असते, म्हणजे टाइपरायटर छापाच्या फॉन्टला हे सूत्र चपखल बसतं. पण आपली अ‍ॅपं काय कुरियरमध्ये असतात का? रोबोटो या अँड्रॉइडच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी आय आणि डब्ल्यूच्या रुंदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि मराठीत तर सगळं मुसळ केरात. ‘स्त्री’ घ्या. कॉटलिनला (अँड्रॉइड अ‍ॅपं लिहायची भाषा) लेंग्थ, म्हणजे मजकुराची लांबी, विचारलीत तर 6 सांगेल, कारण स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा कोड आहेत, सूत्राने 16 च्या साइझला 57.6 येतात, आणि स्क्रीनवर दिसतं एकच जोडाक्षर, निम्म्याहूनही कमी जागेत. आई-बाबा-मुलगी असलेल्या इमोजीची लेंग्थ 8 येते आणि चित्र एकच. ठीक आहे, मग एकेक कोड वेगळा मोजून बेरीज करू, असं कुणी म्हणेल, तर तेही नको राव, सुटी वेलांटी मोजायला दिली की फॉन्ट बहुतेक वेळा तिच्या शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ काढतो आणि त्या वर्तुळाचीही रुंदी तुमच्या बेरजेत घुसते. जोडाक्षर कसं जुळणार हे अँड्रॉइडमध्ये हार्फबझ नावाची लायब्ररी ठरवते, आयफोनवर कोअर टेक्स्ट, आणि त्या अख्खी स्ट्रिंग (सलग मजकूर) बघून ठरवतात.

"मेझरटेक्स्ट काय न् गेटटेक्स्टबाउंड्स काय, एकच"

एकच नाही. पहिलं सांगतं की मजकूर लिहून झाल्यावर पेन किती पुढे सरकलं, दुसरं सांगतं की शाई प्रत्यक्षात कुठून कुठपर्यंत लागली. शेवटी दोन स्पेस असल्या तर पहिल्यात त्या मोजल्या जातात, दुसऱ्यात नाही. शिवाय बाउंड्स बेसलाइनपासून, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर बसतात तिथून, मोजलेले असतात त्यामुळे टॉप (वरची कड) उणे येतो, आणि बरेच जण तो बघून गोंधळतात. कॅनव्हासवर (स्वतः चित्र काढायच्या जागेवर) उभ्यात मध्यभागी लिहायचं असेल तर फॉन्टमेट्रिक्समधले असेंट आणि डिसेंट, म्हणजे बेसलाइनच्या वरची आणि खालची फॉन्टची मापं, घ्या, मधल्या वायमधून (उभ्या अंतरातून) त्यांच्या बेरजेची निम्मी वजा करा, ती बेसलाइन. बाउंड्स घेऊन केलंत तर खाली उकार आला की आकडा बदलतो आणि शेजारशेजारची दोन लेबलं वरखाली नाचतात.

"रुंदी भागिले डबा म्हणजे ओळी"

100 चा डबा, त्यात प्रत्येकी 60 रुंदीचे तीन शब्द. भागाकाराने दोन ओळी, प्रत्यक्षात तीन, कारण शब्द मधून तुटत नाही. संपला विषय.

"उंची = ओळी × साइझ × 1.2"

हे खरं वाटतं कारण रोबोटोची ओळ साइझच्या साधारण 1.17 पट असते, म्हणजे इंग्रजी डेमोत जमून जातं. पण रोबोटोत देवनागरी नाहीच, मराठी आली की सिस्टिम दुसऱ्या फॉन्टकडे जाते आणि त्याला वर रफार-मात्रा, खाली उकार यांना जास्त जागा लागते. अँड्रॉइड 9 पासून टेक्स्टव्ह्यू (मजकूर दाखवणारा घटक) त्या फॉन्टप्रमाणे ओळ उंच करू शकतो, म्हणून एकाच लिस्टमध्ये इंग्रजी नावाची रांग आणि मराठी नावाची रांग वेगळ्या उंचीच्या दिसतात. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या ओळीला इन्क्लूडफॉन्टपॅडिंग या सेटिंगचं जादा पॅडिंग (मोकळी जागा) वेगळंच.

"सगळीकडे चालतं"

आयफोनवर बाउंडिंगरेक्ट या मोजायच्या फंक्शनला यूझेसलाइनफ्रॅगमेंटओरिजिन हा ऑप्शन दिला नाही तर तो अख्खा परिच्छेद एका ओळीचा समजून मोजतो. दिला तरी उत्तर दशांशात येतं, ते वरच्या पूर्णांकाला न्यावं लागतं, नाहीतर शेवटची ओळ कापली जाते. यूआयटेक्स्टव्ह्यू, म्हणजे आयफोनचा मजकुराचा डबा, असेल तर वर-खाली 8 आणि दोन्ही बाजूंना 5 पॉइंट तो स्वतःच खातो, तेही धरा. आणि अँड्रॉइड 14 पासून अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात पण वाढ सरळ रेषेत नाही, आधीच मोठं असलेलं शीर्षक कमी वाढतं आणि बारीक मजकूर जास्त. एकाच आकड्याने सगळ्याला गुणणारं सूत्र इथे काय करणार?

"खरं मोजलं की स्लो होतं"

यात थोडं तथ्य आहे. लांब मजकुराचं लेआउट मेन थ्रेडवर, म्हणजे जिथे स्क्रीन रंगवायचं काम चालतं तिथेच, केलंत तर फ्रेम पडणारच आणि स्क्रोल अडखळणार. पण म्हणून अंदाज कशाला मारायचा, बॅकग्राउंडला मोजा ना. अँड्रॉइड 9 मध्ये प्रीकम्प्यूटेडटेक्स्ट (आधीच मोजून ठेवलेला मजकूर) नेमका याचसाठी आलाय. त्याची गंमत अशी की मोजताना दिलेली सेटिंग्ज आणि टेक्स्टव्ह्यूची सेटिंग्ज जुळली नाहीत तर मजकूर भरणारं सेटटेक्स्ट सरळ एक्सेप्शन (एरर) फेकतं, कारण वेगळ्या सेटिंगने काढलेलं माप त्याला चालतच नाही. उंची आधीच हवी असेल तर अँड्रॉइडचा स्टॅटिकलेआउट बिल्डरने, त्याच पेंटने (फॉन्ट-साइझच्या सेटिंगने) आणि त्याच रुंदीने बांधा आणि गेटहाइट विचारा, फ्लटर वापरून अ‍ॅपं लिहिणाऱ्यांनी टेक्स्टपेंटर वापरा आणि त्याला टेक्स्टस्केलर (अक्षरं मोठी करायची सेटिंग) द्यायला विसरू नका.

तसंही हे सूत्र ज्या कोडमध्ये बघायला मिळतं तिथे बऱ्याचदा मोजायची गरजच नसते, बटणाची उंची 48 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) फिक्स केलेली असते आणि मजकूर त्यात कोंबायची धडपड चाललेली असते. उंचीला रॅपकंटेंट (मजकुराप्रमाणे वाढणारी) करा, मिनहाइट (किमान उंची) 48 ठेवा आणि ती गुणाकाराची ओळ डिलीट मारा.