‘ऊर्जा डोक्यात धरून ठेवा’ : खुलासा

छीगोंग या श्वास-ध्यानाच्या चिनी साधनेत ऊर्जा डोक्याच्या टाळूपर्यंत चढवून तिथेच रोखावी, असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे, आणि अर्धवटच त्रास देतो. ताओ परंपरेतल्या ‘लहान आकाशचक्र’ या सरावात लक्ष दू नाडीने पाठीतून वर जातं आणि रेन नाडीने छातीवरून खाली, नाभीखालच्या दानथिएन या ऊर्जाकेंद्रापर्यंत येतं. जीभ तोंडातल्या टाळूला टेकवतात ती हे दोन मार्ग जोडायला. शेवटी दोन्ही तळहात ओटीपोटावर ठेवून काही मिनिटं थांबायचं. घाईत नेमकं हेच गळतं.

ऊर्जा वरच अडकल्यास डोकं जड होतं, झोप उडते, चिडचिड वाढते. १९९४च्या डीएसएम-४ या मानसोपचार संहितेत छीगोंगनंतरच्या मनोविकाराची नोंद आहे. असं झाल्यास सराव थांबवा, लक्ष तळपायांकडे न्या. त्रास टिकला तर डॉक्टरांना दाखवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.